रविवारचा कबुलीजवाब

(घड्याळजीच्या दुकानामागची खोली. टीव्ही चालू आहे.)

मुलगी: परत तेच? बाबा, ही बाई तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसली.

बाबा: थांब, एवढं ऐकू दे.

मुलगी: आणि टीव्हीला ही कागदाची पट्टी कशाला चिकटवलीत?

बाबा: खालचं भाषांतर झाकायला. वाचायला मिळालं की कान आळशी होतात.

मुलगी: या वयात जपानी शिकायचं खूळ. तेही गुप्तहेराच्या ॲनिमे कार्टूनवरून. कोणाचा खून करायचाय?

बाबा: हस तू. पण त्याचं बरं असतं. दर भागात नवा मुडदा, बोलणं मात्र तेच. कुठं होतात, कोणाला पाहिलंत. शेवटी खुनी कबूल करतो. मी आपला भिंग लावून काम करतो, कानावर पडत राहतं.

मुलगी: अहो, पण कशासाठी? दादा होता तोवर तो सांगायचा वहिनीचं बोलणं भाषांतर करून. आता...

बाबा: वहिनीसाठी तुझ्या. तो गेल्यावर दर रविवारी फोन करायची ती. तिच्या जपानीत बोलायची, रडायची.

मुलगी: माझ्याशी इंग्रजीत बोलते, तेही कागदपत्रांपुरतं. तुम्हाला काय कळायचं?

बाबा: काही नाही. दादानं एकच शब्द शिकवला होता. म्हणाला, ती काही बोलली की 'हाय' म्हणा, म्हणजे हो. तिला बरं वाटतं. मी म्हणायचो, मान हलवून, अगदी मायेनं.

मुलगी: मग चांगलंच केलंत की.

बाबा: ही बाई काय म्हणते ऐक. 'वाताशी नो सेइ.' माझ्यामुळं झालं. सकाळी पट्टी उचलून खात्री केली.

मुलगी: बरं, मग?

बाबा: वहिनी तुझी दर रविवारी हेच म्हणायची. शेवटी सूर चढायचा. विचारायची गं ती मला. माझ्यामुळं गेला का तो?

मुलगी: बाबा...

बाबा: आणि मी हो म्हणायचो.

मुलगी: तुम्हाला कळत नाही, हे माहीत असणार तिला.

बाबा: कुठलं. त्या एका शब्दावरून दादा तिला कौतुकानं सांगायचा, बाबा तुझी भाषा शिकतायत म्हणून.

मुलगी: रात्रपाळी सुटल्यावर घ्यायला ये म्हणाली दादाला, एवढंच ना? रस्त्यावर बर्फ होता, गाडी घसरली, त्यात तिचा काय दोष?

बाबा: हे तुला माहीत, मला माहीत. तिला कोणी सांगितलं?

मुलगी: मी सांगते. इंग्रजीत.

बाबा: नको. हो मी म्हणालो, नाही मीच म्हणायला हवं. पण कसं म्हणायचं तेच सापडत नाही. एकाही भागात कोणी म्हणत नाही गं, की बाई, तुझी चूक नाही. ती रडते, बेड्या पडतात, भाग संपतो.

मुलगी: मग मराठीत म्हणा. तुमच्या आवाजावरून कळेल तिला. लावू फोन?

बाबा: लाव.

मुलगी: वाजतोय.

बाबा: उचलला?

मुलगी: नाही. कामावर असेल. रविवारी करेलच की ती.

बाबा: बरेच रविवार झाले, तिचा फोन नाही. मला वाटलं, सावरली पोर.