आय वॉज मेकिंग भाकरी

माझ्या दहावीच्या तोंडी परीक्षेचं तुमाला सांगितलंच न्हाई ना? बेचाळीस वर्षांची मी, सतरा नंबरचा फॉर्म भरून कर्जतच्या शाळेत बाहेरून परीक्षेला बसले. इंग्रजीत आधी दोनदा नापास झाल्ते.

तिथं इंग्रजी शिकवणारे सरच तोंडी घेत हुते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, काल घरी काय घडलं?

मी म्हणले, "आय वॉज मेकिंग भाकरी. द लाइट वेन्ट."

सरांनी मान वर केली. मराठीत म्हणाले, "ताई, ‘मेड’ का नाही? पाठ करून आलात?"

"न्हाई सर. लाइट गेली तवा भाकर तव्यावरच हुती, भाजून झाली नव्हती. म्हणून ‘वॉज मेकिंग’. लाइट मातर एका झटक्यात गेली, म्हणून ‘वेन्ट’."

सर मागं नंबराची वाट बघत बसलेल्या पोरींना म्हणाले, "वर्षभर फळ्यावर हेच शिकवतोय मी. घ्या लिहून!"

पोरींनी वह्या काढल्या. मीबी पेनाचं टोपण उघडलं.

सर हसले. "ताई, तुम्ही नका लिहू. तुम्ही पास झालात."