धुण्याचं पाणी

बहात्तरचा दुष्काळ. अणदूरला टँकरच्या रांगेत शेवटी ग्रामसेविका चंद्रप्रभा येऊन उभी राहिली. पाणी कसं वाचवावं, यावर तिला बायांना भाषण द्यायचं होतं. कागद हातातच होता. पुढं भिमाबाई आणि केशरबाई बोलत होत्या.

“केशरबाई, नातवाला आंघोळ घातली का?”

“घातली की. बाजंवर बसवला, खाली घमेलं ठिवलं. त्याच पाण्यात धुणं काढलं.”

“आन् धुण्याचं पाणी?”

“म्हशीला. म्हणून तर साबण लावत न्हाय. साबणाच्या पाण्याला ती तोंड लावत न्हाय.”

“भांडी?”

“राखंनं कोरडीच घासते, फडक्यानं पुसते. म्हशीनं पाणी ठिवलं तर त्यात शेण कालवून घर सारवते.”

“ठिवती का?”

“कुठलं? सारवून महिना झाला, बाई.”

भिमाबाईनं मागं वळून बघितलं.

“ताई, तुमी कशाला आलात?”

चंद्रप्रभानं कागदाची घडी घातली.

“पाणी भरायला.”

“आन् घागर?”

“राहिली.”

“असू द्या. माझ्यातलं तांब्याभर न्या. पण तोंड धुतलेलं पाणी टाकू नका, ताई.”