काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी

ट्रकच्या डिझेलच्या काट्याचं मला सांगू नका. परवा नामपूरहून कांदा भरला, काटा अर्ध्यावर दिसला म्हणून निघालो. सटाण्याच्या अलीकडे गाडी बंद पडली, तीही नेमकी थोरल्या भावाच्या मळ्यासमोर. बांधाच्या भांडणापासून आमचं बोलणं बंद होतं.

भाऊ बाहेर आला. त्यानं टाकी बोटानं वाजवून पाहिली.

“रिकामी हाय.”

“काटा तर अर्धी दाखवतोय.”

तो आत गेला आणि ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन घेऊन आला. डिझेल ओतलं, पाइपातली हवा काढली, गाडी चालू झाली. मी केबिनमध्ये चढू लागलो.

“थांब,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या वहिनीनं चहा टाकलाय. मी नाय बोलवत, ती बोलवती.”