ब्रेक पुन्हा बघा

नाही हो मिस्त्री, ओला कुठला रस्ता? त्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन पडलं होतं, आभाळात औषधाला ढग नव्हता, वारासुद्धा कुठे दडी मारून बसलेला – आणि ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणावं तर तेही नाही, ते माझ्या पाठीमागे होतं. मग राहिलं काय? ब्रेक राहिला. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मी दाबला, लागला नाही, गाडी समोरच्यांच्या फाटकात घुसली – एवढी साधी गोष्ट. तुम्ही वाकलात, चाक काढलंत, पुन्हा बसवलंत, फेरी मारून आलात, आणि आता फडक्याला हात पुसत सांगताय, ब्रेक चांगला आहे. चांगला आहे! अहो, चांगला आहे हे सांगणारे दोघे जण तुमच्या आधी येऊन चहा पिऊन गेले. बिघाड नसताना बिघाड काढणारे मिस्त्री मी आयुष्यभर पाहिले – आणि आज स्वतःच्या तोंडानं एक बिघाड मागतोय, तर सगळे हरिश्चंद्र झाले!

रागावू नका. नाहीतर रागवा, मला काय. माझा आवाज चढत नाही म्हणून मी चिडलेलो नाही असं समजू नका – आमची ही म्हणते, तुम्ही भांडतासुद्धा अंगाई म्हटल्यासारखं. ही म्हणजे ती, खिडकीत उभी आहे ती. आल्या आल्या तिनं तुम्हाला गाठलं ना? काय सांगितलं कानात? मला ऐकू कमी येत असेल, पण दोन माणसं कुजबुजताना दिसतात. काही बोलू नका, मला ठाऊक आहे. काहीच नाही झालेलं गाडीला असं सांगा, असंच ना?

जपानी गाडी आहे, मिस्त्री. वापरलेलीच घेतली, जहाजातून आलेली. चावी फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलते – अजून बोलते, ऐकलंत ना मघाशी? काय म्हणते देव जाणे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावून वाचतो, जपानी कुठलं कळायला! ही शेजारी बसून रोज तिला म्हणायची, ‘हो बाई, सावकाशच नेतात ते.’ तर ह्या गाडीनं मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. एकदाही. आधीच्या गाडीवर आमच्या जुन्या मिस्त्रीचं घर चालायचं, ही गाडी आली आणि तो मला बघून रस्ता बदलायला लागला. थंडीत अर्धी गल्ली गाड्यांना धक्के मारत असायची, आणि मी त्यांच्या जवळून जाताना हळूच काच खाली करायचो – ‘काय, आज पुन्हा?’ मजा यायची. का नाही येणार? पण आता कळतंय. त्यांच्या गाड्या बिघडतात, म्हणून त्यांच्याकडे नेहमी कारण असतं. उशीर झाला, गाडी. कुठे धडकली, गाडी. मला ह्या बयेनं कारण म्हणून ठेवलंच नाही! त्या दिवशी चार माणसं जमली, मी म्हणालो, ब्रेक लागला नाही – तर परकं कुणी बोललं नाही, आमची हीच, सगळ्यांदेखत – ‘इतकी वर्षं गाडी शिंकली नाही, आणि आजच बरा ब्रेक गेला! नाचता येईना, अंगण वाकडं.’ लग्नाची बायको! तेव्हापासून गाडीत बसत नाही. दवाखान्यात बसनं जाते, उभ्यानं, गुडघे धरून. मी सोडतो म्हटलं की पिशवी उचलते आणि चालायला लागते. म्हणून म्हणतो, काढा एखादी खोट. छोटीशी चालेल. ब्रेकचं तेल झिरपतं म्हणा. तुम्ही म्हटलंत की ती ऐकेल, माझं ऐकत नाही.

नाही म्हणता? बरं. सरका. सरका म्हणतो ना, मी दाखवतो कसं झालं ते. गाडी बंद आहे, घाबरू नका – सगळे आजकाल मी आत बसलो की दोन पावलं मागे होतात. हं. दोनच तर पेडल आहेत, हा ब्रेक, ही रेस, दाबली की गाडी पळते, डोळे मिटून सांगेन. मी वळलो, फाटक समोर आलं, पाय उचलला आणि असा ब्रेकवर ठेवला. अस्सा, घट्ट. ठेवलाय ना? मग? वाकून काय बघताय? कशावर? रेसवर? छे हो. मला कळत नाही का माझा पाय कुठे आहे ते – जरा मुंग्या येतात हल्ली, तेवढंच, वयाला येतातच – आणि ते काय दाखवताय बाहेर? चप्पल? चप्पल पायात आहे माझ्या.

...

माझीच आहे. तिकडे पायरीपाशी राहिली. कधी सुटली?

कळलंसुद्धा नाही.

झालं तुमचं काम, मिस्त्री. निघा आता. चहा राहू द्या. चावी – नको, माझ्या हातात नको, त्या खिडकीत द्या, ती घेईल. आणि फाटकाचं म्हणाल तर फाटक काय, ठोकून सरळ होतं. फाटकाच्या आत तीनचाकी सायकल होती. ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, नाही का? समोरच्यांच्या चिमणीची. माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची ती, याच गाडीत. तिची आई धावत बाहेर आली, मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर मीही तोंड वर करून म्हटलं असतं, ब्रेक, ब्रेक. ओरडली नाही हो. चाकाखालून सायकल ओढून काढली, वाकड्या हँडलवरची माती हातानं पुसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली – ‘आजोबा, चिमणी आत्ता पाणी प्यायला आत गेली. आत्ताच.’