चुलीचे तीन दगड

न्हाई न्हाई ताई, तुमी नका उचलू ती पिशवी — लई जड हाय. रिक्षावाला बी म्हनला, मावशे, पोरगी शिकाया आनली का घर बांधाया? दगडं हायेत — हे बघा, तीन. घरच्या चुलीचे. हसा, हसा! आमची सुकन्या तर सकाळधरनं डोक्याला हात लावून बसलीय. "आई, नर्सिंगच्या होस्टेलात चूल मांडू कुठं — कॉटखाली?" आता मला काय ठावं, हितं मेस असती म्हनून? — म्हंजी ठावं हुतं. धा येळा सांगितलं हुतं तिनं. पन सामान बांधाया बसले की माजे हात आपले आपनच चालत्यात, त्यांना कोन आवरनार?

तुमी सोनईच्या म्हनला न्हवं? आन ऊस हाय तुमचा? आगं बया! तिकडं दोन हंगाम ऊस तोडलाय आमी — तुमचा बी तोडला असंल, कुनी सांगावं! रान सोन्यावानी हाय तुमचं, पन एक खोड हाय बघा — काळ्या मातीत चुलीला दगूड घावत न्हाई. आन आमच्या पाथर्डीत दगडाबिगर पिकतंय काय? मग घरनंच नेतो आमी. तोडीच्या तळावर उतरलं की आमचं मालक म्हनत्यात, आधी कोपी, राहायची झोपडी, हुभी करू — मी म्हनते, न्हाई, आधी दगडं मांडायची, जाळ करायचा, च्या ठिवायचा. धूर निघाला की जागा आपली झाली. तवर परकीच. म्हनून आनली ताई — पोरीला हितं परकं वाटू नये म्हनून. येडी म्हना, काय बी म्हना.

तशी पोरगी माजी धीट हाय हां. दरसाली दसरा झाला की मी गठुडी बांधायची, आन ही राहायची तिच्या आत्याकडं, बायडाबाईंकडं — शाळा बुडू नये ना. ट्रॅक्टर हलला की दारातनं हासून हात करायची. आन मी? तवा घेतला का, मीठ घेतलं का, कोंबड्यांची डालगी कुठंय — त्याच घोळात. तिसगाव मागं पडंस्तवर ध्यानातच यायचं न्हाई, पोर मागं राहिली म्हनून. जानाऱ्याचं बरं असतं, ताई. हातात सामान असतं. ह्या खेपेला जायचं तिनं आन दारात बसायचं मी. दसरा लांब हाय अजून — तवर बांधू तरी काय? मला भ्या वाटतंय बघा. पोरीचं न्हाई, माजंच. — तिला नका सांगू हां.

तुमच्या राजनंदिनीला घिऊन सुकन्या खाली कशाला गेलीय, ठावं हाय का? रेक्टर मॅडमला इचाराया — आईला आजची रात राहू द्या म्हनून. मी म्हनलं, नको गं, कशाला तोंड वेंगाडती? नियम म्हंजी नियम. संध्याकाळची पाथर्डी गाडी हाय, जाते निवांत. आन खरं सांगू का — मॅडम न्हाईच म्हनू देत. रात राहिले तर सकाळी पाय निघायचा न्हाई माजा. पक्कं ठरवलंय मी — ती आली की हासत उठायचं, हाताला वझं म्हनून दगडं घ्यायची, चल बया येते म्हनायचं, आन मागं न बघता —

आलीस व्हय? बस, बस, किती घामाघूम झालीस गं. काय म्हनल्या मॅडम? न्हाईच म्हनल्या असत्याल, मला ठावंच हुतं. असू दे, त्यात काय —

आं?

राहा म्हनल्या? मला? ... हितंच, तुज्याजवळ?

आगं पन मी तर हासत जानार हुते — ताई. ताई, तुमी जरा बाहीर जाता का? तुमच्या पोरीला बी न्या. जावा म्हनते ना. दार तेवढं वढून घ्या.