अध्यक्षांची पाठपिशवी

बायको : नाही हसत. खोकला आला.

नवरा : खोकल्याचा आवाज मला कळतो. हे बघ, तू हसलीस की मलाही हसू येतं, मी हसलो की छाती फुगते, आणि छाती फुगली की पट्टा तुटेल.

बायको : बरं, आवरते. पण मला आधी नीट समजू दे. ही ती पलटणीतल्या शिपायाची पाठपिशवी ना? दीडशे-पावणेदोनशे वर्षांची? जिच्यावरची धूळ झटकायलाही मला मनाई आहे?

नवरा : तीच.

बायको : ती तुम्ही अंगावर चढवलीत.

नवरा : चढवली.

बायको : आणि आता निघत नाहीये.

नवरा : निघेल. घाई करायची नाही, एवढंच.

बायको : हात खाली घ्या बघू.

नवरा : येत नाहीत. खांद्यावरचे पट्टे काखेत रुतलेत. हा उजवा कसाबसा छातीपर्यंत पोचतो, डावा तेवढाही नाही. आणि छातीवरचं बक्कल एका हाताने सुटत नाही.

बायको : मग लावलं कसं?

नवरा : पिशवी टेबलावर ठेवली, तिला पाठ टेकून बसलो, श्वास सोडला आणि लावलं. काही त्रास नाही झाला. मग मोठ्या रुबाबात उभा राहिलो, तर सगळा भार मागे गेला आणि पट्टे आवळले.

बायको : तर परत टेबलाला टेकून बसा.

नवरा : बघितलं करून. जरासा वाकलो तर चामडं करकरलं. तसाच परत ताठ उभा राहिलो.

बायको : पण भार कसला? आत नुसते कागद आहेत ना, आकार राहावा म्हणून कोंबलेले?

नवरा : कागद काढले. म्हटलं, शिपायाला चालताना काय वाटत असेल ते कळायचं तर वजन खरं हवं.

बायको : अहो.

नवरा : काय?

बायको : मी सकाळपासून इस्त्री शोधतेय.

नवरा : आहे. सुखरूप आहे. खलबत्त्याशेजारीच ठेवलीय.

बायको : खलबत्ताही?

नवरा : आणि बागेतल्या दोन विटा. सगळं जुन्या चादरीत गुंडाळून घातलंय हं, आतल्या कापडाला ओरखडा उठू नये म्हणून.

बायको : केवढी ती काळजी! वळा, झाकण उघडून एकेक वस्तू काढते.

नवरा : झाकणाचे बंद खांद्याच्या पट्ट्यांखाली दबलेत. ओढलेस तर तुटतील.

बायको : मग कात्री आणते.

नवरा : खबरदार! माझा गळा काप हवा तर.

बायको : गळा कापून पिशवी कुठे निघणार आहे? आणि काय हो, एवढा थाट केलात, तर ती उंच टोपी का नाही घातली? पितळी बिल्ल्याची?

नवरा : टोपी घालायची नाही, असा आमच्या संग्राहक मंडळाचा नियम आहे.

बायको : नियम तुम्हीच केलात.

नवरा : म्हणून तर पाळला.

बायको : धन्य आहे. त्याच नियमापायी टोपीवाले भाऊजी मंडळात पाय ठेवत नाहीत. एवढी भर सभेत शोभा केलीत त्यांची, आणि गुन्हा काय, तर स्वतःच्याच संग्रहातली टोपी डोक्यावर ठेवली!

नवरा : घामाने अस्तर कुजतं. जुनी वस्तू बघायची असते, वापरायची नसते. अध्यक्ष म्हणून मला बोलावंच लागलं.

बायको : आणि अध्यक्ष आज माझी इस्त्री पाठीवर घेऊन उभे. बरं, भाऊजी येतीलच एवढ्यात.

नवरा : माहितीये. भिंग परत करायला येतोय म्हणाला.

बायको : मग देऊ दे की.

नवरा : तुला कळत नाही. ते भिंग कित्येक वर्षं त्याच्याकडे आहे. मी कधी मागितलं नाही, त्याने कधी दिलं नाही. आज आपणहून परत देतोय म्हणजे संपलं. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही तो.

बायको : मग थांबवा त्यांना.

नवरा : तेच तर ठरवत होतो, काय बोलायचं. काही सुचेना. म्हणून जरा जीव रमवायला पिशवी हातात घेतली.

बायको : आणि हातातली पाठीवर गेली.

नवरा : दोन महिने झाले, कुणाशी धड भांडलो नाही मी. नवं बक्कल आणलं तर ‘फसलास, हे नकली आहे’ म्हणणारं कोणी नाही. तुला दाखवलं की तू म्हणतेस, छान आहे.

बायको : छान असतं म्हणून म्हणते.

नवरा : तेच तर दुखणं आहे.

(दारावरची घंटा वाजते.)

नवरा : सांग, घरात नाहीत म्हणून.

बायको : काय सांगू, मोहिमेवर गेलेत? मी दार उघडतेय. या भाऊजी, अगदी देवासारखे आलात.

टोपीवाले : नाही वहिनी, बसणार नाही. भिंग तेवढं द्यायचं होतं. अध्यक्ष आहेत?

बायको : आहेत. उभे आहेत.

टोपीवाले : माझ्यासाठी उभं राहायची काही गरज नाही म्हणावं.

बायको : मान देत नाहीयेत, त्यांना बसताच येत नाहीये. आत तर चला.

नवरा : ये.

टोपीवाले : अरे बाप रे!

नवरा : बोल. काय बोलायचं ते बोलून घे.

टोपीवाले : खरी आहे ही?

नवरा : खरी.

टोपीवाले : पट्टेसुद्धा? आणि त्यांना घाम लागतोय, अध्यक्षमहाराज?

नवरा : शर्टावरून टॉवेल घेतलाय.

टोपीवाले : मीही टोपीखाली रुमाल घेतला होता. सभेत ओरडून सांगत होतो. तुम्ही मला गप्प करायला टेबलावरची घंटा वाजवत होतात.

बायको : भाऊजी, भांडण नंतर. आधी यांना सोडवा.

टोपीवाले : बघू. हं. काटा भोकात घट्ट बसलाय. पुढून ओढलं तर भोक फाटणार. मी मागून पिशवी उचलून धरतो, वहिनी, तुम्ही पुढून बक्कल काढा. हातमोजे कुठेत?

बायको : कपाटात. कपाटाची किल्ली यांच्या खिशात, आणि खिशापर्यंत यांचा हात जात नाही.

नवरा : राहू दे. तशीच लाव हात.

बायको : उघड्या हाताने? बघा हं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

टोपीवाले : उचलतोय. आई गं! काय भरलंयस काय यात?

बायको : माझा अर्धा संसार.

टोपीवाले : वेडा आहेस तू. ठार वेडा. हे घेऊन किती वेळ उभा आहेस?

नवरा : अर्धा तास झाला असेल. आधी मजा वाटली. मग खांदे भरून आले. आणि मग या छातीच्या पट्ट्याला आतून एक जागा सापडली. झिजून गुळगुळीत झालीय, बरोबर अंगठ्याएवढी. बाहेरून कधी दिसलीच नव्हती.

टोपीवाले : कुठे? थांब, भिंग लावून बघतो. वहिनी, जरा बाजूला. खरंच की रे!

नवरा : माझा अंगठा आपोआप तिथेच गेला. भार जरा हलका व्हावा म्हणून तो बिचारा अंगठा घालून पट्टा पुढे ओढत असणार, सगळी वाट. इतकी वर्षं ही पिशवी माझ्याकडे आहे. लांबी-रुंदी पाठ आहे मला. हे माहीत नव्हतं.

टोपीवाले : कपाटात ठेवून ते कळणारच नव्हतं.

नवरा : नाही कळलं. तुला टोपी घातल्यावर असंच काहीतरी कळलं होतं, हो ना?

टोपीवाले : तेच सांगायला उभा राहिलो होतो त्या दिवशी.

नवरा : आणि मी घंटा वाजवली. चुकलं माझं. फार चुकलं.

बायको : भाऊजी, पुन्हा उचला. आत्ता निघेल हं बक्कल.

नवरा : राहू दे गं जरा. आधी टोपीचं ऐकू दे.