दुसरा तडाखा

— नाई नाई सिस्टर, दारू नाही पेत तो. तुमच्या मनात आलं ते दिसलं मले. पान्याचा गिलास देताना अर्धा सांडला त्यानं, अन् तुमी त्याच्या डोळ्याकडे पाहिलं. थेंब नाही घेतला माझ्या नितेशनं कधी. हात तसेच झाले त्याचे, दोन वर्सं झाले. सदऱ्याचं बटन लागत नाही, अपेक्षा लावून देते — सून माझी, वरूडची, वावरात गेली आता. बसा ना तुमी. नवीन आल्या ना हिवरखेडले? अमरावतीच्या? मंग तुमाले कोन सांगन. कोनी सांगत नाही इथं. काहून झालं म्हनता? फवारनीनं झालं, दुसरं काय. तुमच्या कागदावर चित्र आहे ना, चष्मा, हातमोजे, तोंडाले कपडा — तसा मानूस आमच्या शिवारात मी पाहिला नाही अजून. कपाशीची पराटी छातीपर्यंत आलेली, वारं बंद, अशा उकाड्यात पाठीवर पंप घेऊन कोन घालते ते? औषध दिलं बुधाजीनं. बुधाजी म्हनजे यायचे मोठे भाऊ, माझे भासरे, चौकात औषधाचं दुकान आहे त्यायचं. विषाले औषधच म्हनतो आमी. दोन बाटल्या दिल्या, एकीवर कागद नव्हता. दोन्ही एकात टाक म्हने, अळी जागी मरते.

अळी मेली का नाही, मले माहीत नाही. दुपारी हा बांधावरून आला तो पाय इकडे, आंग तिकडे. आंगनात पडला. तोंडातून फेस, नाकातून पानी, कपड्यात झालं — मी बोटानं डोळे उघडले तर बाहुल्या मोहरीच्या दान्याएवढ्या. कातड्याखाली मांस उडून राहिलं होतं त्याचं. अपेक्षानं सदरा टराटरा फाडला, बादली ओतली, साबन घेऊन घासत सुटली, अन् मले म्हने, आई, गाडी आना. अॅम्बुलन्सले फोन लावला होता तिनं — ते दुसऱ्या पेशंटले घेऊन गेलेली, पाऊन तास लागते म्हने. पाऊन तास, अन् इकडे पोरगा निळा पडून राहिला. हे तेल्हाऱ्याले गेलेले. मी पळाली चौकात, पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. दुकानापुढे जीप उभी. मी पाय धरले भासऱ्याचे — पाय, सिस्टर — म्हटलं, दादा, पोरगा मरून राहिला, गाडी द्या. बुधाजी काय म्हनते? निंबूपानी पाज, उतरते. दवाखान्यात नेलं का पोलीस येते, बाटली कोनाची ते विचारते, माझं लायसन जाते. अन् काउंटरवर किल्ली पडली होती जीपची, ते उचलून मुठीत घेतली. शांतपने.

कोपऱ्यात कुऱ्हाडीचे दांडे उभे होते, विकाचे, नवे. मी एक उचलला. काउंटरवर होती त्याची मूठ, तिच्यावर हानला. हाडाचा आवाज तुमाले माहीत असन, तुमी नर्स आहे — वाळली तुऱ्हाटी मोडावी तसा कडकन आला. बोटं उघडली, किल्ली खाली पडली, मी घेतली. झालं होतं ना काम? तिथून पळाचं होतं मले. पन तो हात पोटाशी धरून वाकला, अन् मी दुसरा हानला. तोंडावर. दोन हातानं उचलून, लाकूड फोडतो तसा. ओठ फाटून हनवटीवर लोंबला, दात फरशीवर, मागची फळी कोसळली, बाटल्या फुटल्या — तो त्या काचेत, त्या वासात, रक्तात पडला अन् गुरासारखा हंबरला. तिसराही हानला असता. दांडा ओला होऊन हातातून सटकला म्हनून राहिला.

जीप अपेक्षानं चालवली. बापाच्या संत्र्याच्या वावरात ट्रॅक्टर चालवलेली पोरगी थे. मी मागं नितेशचं डोकं मांडीवर घेऊन, आंगठ्यानं त्याचा जबडा उघडा धरून — हे पाहा, वन आहे अजून, चावला त्यानं. अकोटले डाक्टरनं इंजेक्शनं देल्ली, तिथून अकोल्याले पाठवलं. नऊ दिवस नळीवर होता. आनखी अर्धा तास उशीर झाला असता तर नसता वाचला, असं डाक्टर अपेक्षाले बोलले.

पोलीस? नाही, कोनी नाही. बुधाजीनंच सांगितलं गावाले, ट्रॅक्टरवरून पडलो म्हने. बाईचा मार खाल्ला असं कोनता मानूस सांगन? अन् मार निघाला का बाटलीही निघते. आता भाकर चुरून, दुधात कालवून खाते तो. दुकान चालूच आहे. नितेशच्या बापाले माहीत आहे सारं. माझ्या हातचं जेवते, बोलत नाही. एकदाच बोलले — रागिणीच्या वक्ताले तोच धावला होता, गोदा.

धावला होता. खोटं काहून बोलू. रागिणी आमची पोरगी, नितेशच्या पाठची. चार वर्साची होती. थंडा पेतो त्या रिकाम्या बाटलीत फवारनीचं औषध होतं, पेली. तेव्हा बुधाजीनं कोनाची वाट नाही पाहिली, पोरगी उचलली, जीप अशी पळवली — ढसाढसा रडत चालवत होता. अकोट यायच्या आंधी गेली माझ्या मांडीवर. त्याच मानसानं मूठ मिटली, सिस्टर. तेव्हा दुकान नव्हतं त्याचं. म्हनून दुसरा हानला, असं सांगतो मी माह्या मनाले.

पन तसं नाही ते. दांडा उचलला तेव्हा बुधाजीचं तोंड दिसतच नव्हतं मले. हे म्हनते, बाटली मी आनली वावरातून, माझ्यानं गेली पोरगी. सतरा वर्सं झाले, तिच्या तिथीले भिंतीकडे तोंड करून बसते दिवसभर, पानी घेत नाही. आनली त्यायनं, खरं आहे. पन वर, आढ्याले टांगली होती. लेकराचा हात पोचत नव्हता तिथं. बाजेले ढेकनं झाले होते म्हनून मी काढली — मी — अन् माठापाशी ठेवली, वाकळ उन्हात टाकून येतो म्हटलं, पाच मिनिटं. कोनी पाहिलं नाही. कोनी विचारलं नाही. यायनं छाती पिटून म्हटलं माझी चूक, अन् मी ऐकून घेतलं. अजून ऐकूनच —

ते पाहा, फाटकापाशी हे आले. उठा तुमी. नाही, चहा नको आता, उठा. काही विचारलं तर पानी प्याले बसली होती म्हना. त्या कोपऱ्यावरच्या लीलाबाईच्या घरी जा, पाच लेकरं आहे तिथं. जा म्हनतो ना.